बालकुपोषण-निवारण कार्यक्रमांचे मूल्यमापन

बालकुपोषण-निवारण कार्यक्रमांचे मूल्यमापन : दीर्घकाळ अपुरे अन्न मिळाल्यामुळे आणि वारंवार होणाऱ्या संसर्गांमुळे बालकांची वाढ खुंटू नये, म्हणून शासनसंस्था व सेवाभावी संस्था अन्नवाटपाचे, आरोग्यसेवेचे किंवा रोख साहाय्याचे कार्यक्रम राबवितात. त्यांचा बालकांच्या शरीरावर व पुढील आयुष्यावर प्रत्यक्षात कोणता परिणाम झाला, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे मूल्यमापन. किती धान्य वाटले, किती केंद्रे उघडली, किती निधी खर्च झाला, यांची मोजणी हा प्रशासकीय हिशेब होय. तो मूल्यमापनाचा प्रारंभ असू शकतो, मूल्यमापन नव्हे. हा भेद आज उघड वाटला, तरी तो प्रस्थापित होण्यास विसाव्या शतकाचा संपूर्ण उत्तरार्ध खर्ची पडला. त्याचे एक कारण या कुपोषणाच्या स्वरूपातच आहे. तीव्र कुपोषणाने रोडावलेले मूल पाहताक्षणी ओळखू येते. परंतु दीर्घकालीन कुपोषणाने खुरटलेले मूल, ज्या वस्तीत सर्वच मुले खुरटलेली असतात तेथे, चारचौघांसारखेच दिसते. अशा ठिकाणी मोजपट्टी हाच एकमेव साक्षीदार असतो.

मापनाची साधने : मेक्सिकोतील बालरोगतज्ञ फेदेरीको गोमेस यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या अभ्यासावरून वयानुसार वजनाची एक वर्गवारी मांडली व ती १९५६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. अपेक्षित वजनाच्या ७६ ते ९० टक्के, ६१ ते ७५ टक्के आणि ६० टक्के वा त्याहून कमी अशा तिच्या तीन श्रेणी होत्या. पुढे भारतीय बालरोगतज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये सुचविलेली चार श्रेण्यांची वर्गवारी याच धर्तीची असून ती अंगणवाड्यांतून दीर्घकाळ वापरली गेली. या पद्धती सोप्या होत्या. मात्र त्यांत एक मोठी उणीव होती. कमी वजनाचे मूल अलीकडच्या उपासमारीने रोडावलेले आहे की जन्मापासूनच्या कमतरतेने ठेंगणे राहिले आहे, हे केवळ वजनावरून कळत नसे.

ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन वॉटरलो यांनी १९७२ मध्ये हा गुंता सोडविला. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे कृशता व वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुरटेपणा, असे दोन स्वतंत्र निकष त्यांनी सुचविले. पहिला निकष वर्तमानाची, तर दुसरा गतकाळाची नोंद देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी वृद्धिमानके प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या सहा देशांत, सुस्थितीत व मातेच्या दुधावर वाढलेल्या मुलांच्या मापांवर ती आधारलेली आहेत. पुरेसे अन्न व आरोग्य लाभल्यास पाच वर्षांपर्यंतची मुले सर्व खंडांत जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यांतून दिसून आले. मानकाच्या मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी उंची असलेल्या मुलास खुरटलेले मानले जाते.

‘ठेंगणे परंतु निरोगी’ हा वाद : कोणता निकष वापरावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो, निकष बदलला की गरजूंची संख्या बदलते. या संदर्भात पुण्याशी निगडित असलेला एक वाद महत्त्वाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांनी, विकसनशील देशांतील मुख्य उणीव प्रथिनांची नसून एकूण अन्नाची, म्हणजे ऊष्मांकांची आहे, असे प्रतिपादन केले होते. पोटभर अन्न न मिळाल्यास शरीर प्रथिनेही इंधन म्हणूनच खर्च करते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असून तो पुढे बव्हंशी मान्य झाला. निरोगी व्यक्तीची ऊर्जेची गरजही स्थिर नसते, ती ठराविक मर्यादेत बदलते व शरीर तिच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकास कुपोषित मोजणे चूक आहे, असेही त्यांचे मत होते.

सुखात्मे यांनी संपादित केलेल्या व पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. सौम्य व मध्यम प्रमाणात खुरटलेली बहुसंख्य मुले ‘ठेंगणी परंतु निरोगी’ असून कमी अन्नाशी त्यांच्या शरीराने केलेली ती तडजोड आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो स्वीकारला असता, तर कोट्यवधी मुले एका व्याख्येने कुपोषितांच्या यादीतून वगळली गेली असती. भारतीय पोषणवैज्ञानिक सी. गोपालन यांनी या सिद्धांतास कडाडून विरोध केला. मुलाला खुरटविणारी परिस्थिती केवळ त्याची उंची रोखून थांबत नाही. तीच परिस्थिती त्याची रोगप्रतिकारशक्ती, शिकण्याची क्षमता व प्रौढपणीची कार्यशक्तीही घटविते, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाचा निर्णय तर्काने होणे शक्य नव्हते. त्यासाठी लहानपणी पूरक आहार मिळालेली व न मिळालेली मुले मोठी होईपर्यंत वाट पाहणे आवश्यक होते, आणि असा एक प्रयोग तेव्हा मध्य अमेरिकेत होऊन गेलेला होता.

ग्वातेमालातील प्रयोग (१९६९–७७) : मध्य अमेरिका व पनामा यांसाठी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पोषण संस्थेने पूर्व ग्वातेमालातील चार खेड्यांत हा प्रयोग केला. दोन खेड्यांतील केंद्रांवर ‘आतोले’ हे पेय रोज दोन वेळा मोफत देण्यात येई. त्यात वनस्पतिजन्य प्रथिनांचे मिश्रण, स्निग्धांशरहित दुधाची भुकटी व साखर असे. उरलेल्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ हे प्रथिनविरहित गोड पेय दिले जाई. त्याची ऊर्जा आतोलेच्या सुमारे एकतृतीयांश होती. १९७१ पासून दोन्ही पेयांत जीवनसत्त्वे व खनिजे सारख्या प्रमाणात मिसळण्यात आली. चारही खेड्यांत वैद्यकीय सेवा पुरविण्यात आली. तुलनेच्या खेड्यांतही केंद्र, पेय व कार्यकर्त्यांचा वावर ठेवण्यामागे हेतू असा, की दिसून येणारा फरक केवळ बाहेरच्या माणसांच्या सहवासाचा आहे, असा आक्षेप राहू नये.

प्रथिनांच्या कमतरतेने बुद्धीचा विकास खुंटतो काय, हे पाहणे हा प्रयोगाचा मूळ उद्देश होता. त्याचे सर्वांत मोलाचे फलित मात्र वयासंबंधीचे ठरले. पूरक आहाराने उंचीत पडणारी भर पहिल्या वर्षी सर्वाधिक होती. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी ती कमी झाली आणि तीन ते सात वर्षांच्या मुलांत जवळजवळ दिसलीच नाही. याचा अर्थ असा, की अन्न तेच, खर्च तोच, परंतु ते पाच वर्षांच्या मुलास दिले तर त्याची भूक भागते, खुंटलेली वाढ मात्र परत येत नाही.

याच मुलांचा शोध पुढे १९८८–८९ मध्ये आणि पुन्हा २००२–०४ मध्ये घेण्यात आला. आतोलेच्या खेड्यांत बालपण गेलेल्या स्त्रियांचे शालेय शिक्षण सु. एका इयत्तेने अधिक झालेले आढळले व स्त्रीपुरुष दोहोंची वाचनाची समज अधिक चांगली होती. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई तुलनेच्या गटापेक्षा सु. ४६ टक्क्यांनी अधिक होती, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. स्त्रियांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. खेडी चारच असल्याने निष्कर्षांना मर्यादा आहेत. तथापि खुरटेपणा ही निरुपद्रवी तडजोड नाही, हे या प्रयोगाने बऱ्याच अंशी निर्णायकपणे दाखविले.

मेक्सिको : ग्वातेमालातील प्रयोग संशोधकांचा होता. शासनाच्या चालू योजनेचे तितक्याच काटेकोरपणे मूल्यमापन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मेक्सिकोत झाला. अर्थशास्त्रज्ञ सांत्यागो लेव्ही यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत मातांच्या हाती रोख रक्कम देण्यात येई. मुलांची आरोग्यतपासणी व शाळेतील उपस्थिती या तिच्या अटी होत्या. चार महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांना पूरक आहाराची पुडीही मिळे. सर्व गावांत योजना एकदम पोहोचविणे निधीअभावी शक्य नव्हते. या अडचणीचाच मूल्यमापनासाठी उपयोग करून घेण्यात आला. सात राज्यांतील ५०६ गावांपैकी ३२० गावे यदृच्छ निवडीने आधी योजनेत घेण्यात आली व १८६ गावे सु. दोन वर्षे नियंत्रण गट म्हणून राहिली. नंतर त्यांचाही समावेश झाला.

दोन वर्षांनंतर, प्रारंभी सहा महिन्यांहून लहान असलेली व अतिगरीब घरांतील मुले नियंत्रण गटातील तशाच मुलांपेक्षा सु. १·१ सेंमी. अधिक वाढल्याचे आढळले. ग्वातेमालातील धडा येथे पुन्हा पटला. त्याचबरोबर उणिवाही उजेडात आल्या. बालकासाठी दिलेली पुडी घरातील इतर मुलांत वाटली जाई आणि तिच्यातील लोहाचा प्रकार शरीरात नीट शोषला जात नसे. हे कळल्यावर लोहाचे संयुग बदलण्यात आले. या निष्पक्ष मूल्यमापनाचा एक राजकीय परिणामही झाला. २००० मध्ये सत्तर वर्षांनंतर सत्तांतर होऊनही योजना बंद पडली नाही. नाव बदलून ती विस्तारण्यात आली. अखेर २०१९ मध्ये ती संपुष्टात आली.

पेरू : खुरटेपणा घटविण्यात ज्या देशांनी अलीकडे ठळक यश मिळविले, त्यांत पेरूचा उल्लेख अग्रक्रमाने होतो, परंतु त्याआधीचे त्याचे अपयशही तितकेच बोधप्रद आहे. राजधानी लिमा येथे महापौर आल्फोन्सो बारांतेस यांच्या कारकीर्दीत १९८४ मध्ये ‘व्हासो दे लेचे’ (दुधाचा पेला) हा कार्यक्रम सुरू झाला. गरीब वस्त्यांतील मातांच्या समित्या पहाटे दूध तयार करून वाटीत. हजारो स्त्रियांनी काढलेल्या मोर्चानंतर १९८५ मध्ये त्यास देशभर कायद्याचा आधार मिळाला. १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अन्नसाहाय्य संस्था, सार्वजनिक भोजनगृहे, शाळांतील न्याहारी असे इतरही कार्यक्रम होते. लाभार्थ्यांची संख्या प्रचंड होती. तरीही १९९६ व २००० या दोन्ही वर्षांच्या राष्ट्रीय पाहण्यांत पाच वर्षांखालील सु. एकचतुर्थांश मुले खुरटलेलीच आढळली.

दुधाच्या पेल्याच्या कार्यक्रमाची २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली अर्थमितीय तपासणी या संदर्भात उद्‌बोधक आहे. कार्यक्रमाचा निधी खरोखरच गरीब व कुपोषणग्रस्त भागांत पोहोचत होता. म्हणजे वितरणाच्या कसोटीवर तो उतरला. मात्र लहान मुलांच्या उंचीवर त्याचा कोणताही परिणाम सिद्ध करता आला नाही. घरात आलेले अन्न सर्वांत वाटले जाणे, त्याचे पोषणमूल्य बेताचे असणे, लाभार्थ्यांत मोठ्या मुलांचा भरणा असणे आणि दूषित पाण्यामुळे होणाऱ्या अतिसारावर कार्यक्रमाकडे उपाय नसणे, ही त्याची संभाव्य कारणे होत. याचा अर्थ मातांच्या समित्यांचे कार्य व्यर्थ होते, असा नव्हे. त्यांनी मंदीच्या व हिंसाचाराच्या काळात असंख्य कुटुंबांना आधार दिला आणि गरीब स्त्रियांना सार्वजनिक जीवनात स्थान मिळवून दिले. परंतु भूक भागविणे व वाढ राखणे ही दोन भिन्न उद्दिष्टे असून एकाच्या यशावरून दुसऱ्याचे यश गृहीत धरता येत नाही.

२००५ मध्ये ‘हुंतोस’ (एकत्र) ही सशर्त रोख साहाय्याची योजना सुरू झाली. अतिगरीब व राजकीय हिंसाचाराने होरपळलेल्या अँडीज पर्वतप्रदेशातील जिल्ह्यांना तीत अग्रक्रम होता व मातेस दरमहा १०० सोल मिळत. २००६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीने उमेदवारांकडून एक मोजता येण्याजोगे वचन घेतले : पाच वर्षांखालील मुलांतील खुरटेपणाचे प्रमाण पाच वर्षांत पाच टक्के-बिंदूंनी कमी करणे. निवडून आलेल्या शासनाला हे वचन टाळता येण्यासारखे नव्हते. २००८ पासून अर्थमंत्रालयाने पोषणाचा निधी फलनिष्पत्तीशी जोडला. लसीकरण, वाढीची नियमित तपासणी व मातांचे समुपदेशन यांवर भर देण्यात आला आणि उंचीचे आकडे दरवर्षीच्या राष्ट्रीय पाहणीतून मिळू लागले. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने एक चित्रफीत गावोगाव दाखविण्यात आली. आपली मुले आईबापांवर जाऊन ठेंगणी आहेत, अशी तेथील समजूत होती. ती उंची अनुवंशाची नसून उपेक्षेची आहे, हे मातांना पटवून देणे हा तिचा हेतू होता. विद्वानांच्या वादातील ‘ठेंगणे परंतु निरोगी’ ही कल्पना येथे लोकसमजुतीच्या रूपाने भेटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार पेरूतील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५ मध्ये २८ टक्के होते. ते २०११ मध्ये १९·५ व २०१६ मध्ये १३·१ टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय कोणास, हे ठरविणे सोपे नाही. याच काळात अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती, रस्ते व आरोग्यविमा दुर्गम भागांत पोहोचत होते. हुंतोसच्या स्वतंत्र अभ्यासांत तिचा परिणाम मुख्यतः अतितीव्र खुरटेपणा कमी करण्यात दिसला. संपूर्ण राष्ट्रीय घटीचे श्रेय तिला देता येत नाही. शिवाय उंची सुधारत असताना रक्तक्षय मात्र हटला नाही. २०१६ मध्ये सहा ते पस्तीस महिने वयाची ४३·६ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त होती व २०२३ मध्येही हे प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. ज्या दोषाचे मोजमाप झाले व ज्यावर निधी अवलंबून राहिला, तो हटला. दुसरा जागीच राहिला.

भारत व महाराष्ट्र : भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली व पुढे ती जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक बनली. तिच्यातील रचनात्मक उणीव ग्वातेमालाच्या निष्कर्षांच्या प्रकाशात स्पष्ट होते. अंगणवाडीत स्वतः चालत येऊन खाऊ शकणारे मूल तीन ते सहा वर्षांचे असते. ज्याची वाढ त्या वेळी ठरत असते ते मूल घरी, आईच्या कडेवर असते. तमिळनाडूत १९८० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या पोषण प्रकल्पाने ही उणीव ओळखून सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचे दरमहा वजन घेण्याची व वाढ मंदावलेल्यांनाच ठराविक मुदतीचा पूरक आहार देण्याची पद्धत अवलंबिली.

महाराष्ट्रात मेळघाटसारख्या आदिवासी भागांतील बालमृत्यूंनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या पाहणीचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक बालमृत्यू शासकीय नोंदींत येतच नाहीत, हे त्याने दाखवून दिले. त्यानंतर राज्य शासनाने अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिनेही नोंदींतील ही तूट निदर्शनास आणली. नोंद न झालेले मूल कोणत्याही योजनेच्या अपयशात मोजले जात नाही. म्हणून अपुरी नोंद ही केवळ कारकुनी चूक ठरत नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले व पुढे बालकाच्या पहिल्या हजार दिवसांवर त्याने लक्ष केंद्रित केले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या राज्यव्यापी पोषण पाहणीत दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण सु. २३ टक्के आढळले. २००५–०६ मध्ये ते ३९ टक्के होते. ही घट देशभर वाखाणली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांनुसार राज्यातील पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५–०६ मध्ये ४६·३ टक्के, २०१५–१६ मध्ये ३४·४ टक्के व २०१९–२१ मध्ये ३५·२ टक्के होते. दोन वर्षांखालील आणि पाच वर्षांखालील मुलांचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण खुरटेपणा दोन वर्षांपर्यंत वयाबरोबर वाढत जातो. तरीही दोन्ही मालिका एकत्र वाचल्यास पहिल्या दशकातील सुधारणा खरी होती व नंतर ती थांबली, असे अनुमान निघते.

मर्यादा : मूल्यमापनाचे निष्कर्ष मापनाच्या मानकाप्रमाणे बदलतात. पेरूतील २००५ च्या त्याच मुलांचे प्रमाण जुन्या अमेरिकन मानकाने सु. २३, तर नव्या मानकाने २८ टक्के भरते. म्हणून भिन्न मानकांचे आकडे शेजारी ठेवून प्रगती वा अधोगती सांगणे अयोग्य होय. नियंत्रण गटास मदतीविना ठेवणे कितपत न्याय्य, हा नैतिक प्रश्नही आहे. मेक्सिकोप्रमाणे निधीअभावी मदत टप्प्याटप्प्यानेच द्यावी लागत असेल, तेथे त्याची धार कमी होते. एरव्ही ती राहतेच. याशिवाय उंची हे एकच फलित धरल्यास रक्तक्षय, मातेचे आरोग्य व कुटुंबाची प्रतिष्ठा यांसारख्या गोष्टी हिशेबाबाहेर राहतात.

या सर्व मर्यादा लक्षात घेऊनही एक निष्कर्ष निरपवादपणे पुढे येतो. साहाय्याचा हेतू चांगला असणे व ते गरिबांपर्यंत पोहोचणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. ते योग्य वयात पोहोचले काय, याची तपासणी वेळेवर झाली नाही, तर योजना चालू राहते, हिशेब जुळतात आणि मुलाच्या वाढीची पहिली दोन-तीन वर्षे निघून जातात. ती पुढे कोणत्याही तरतुदीने परत आणता येत नाहीत.